उतरण: जोर कमी, वाट लांब

जड वस्तू सरळ वर न उचलता तिरप्या पृष्ठभागावरून चढवली, की कमी जोर पुरतो. उतरण हे साधे यंत्र एवढेच करते. तिला चाक नाही, दाते नाहीत, हलणारा एकही भाग नाही. ट्रकच्या हौद्याला टेकवलेली फळीसुद्धा यंत्रच असते. २०० किलोचे पिंप १ मीटर उंच हौद्यात उचलायचे, तर सगळा भार पेलावा लागतो. तेच ४ मीटरच्या फळीवरून लोटत नेले, तर साधारण ५० किलोंइतका जोर लागतो. पण १ मीटरऐवजी ४ मीटर लोटावे लागते. काम दोन्हीकडे सारखेच. उतरणीच्या लांबीला उंचीने भागले, की यांत्रिक फायदा मिळतो. इथे तो ४.

प्रत्यक्षात घर्षण यातला बराच फायदा खाते. पिंपाच्या जागी तेवढ्याच वजनाची पेटी ओढायची असेल आणि घर्षणांक ०.४ असेल, तर त्याच फळीवर सुमारे १२७ किलोंचा जोर लागतो. फळी आखूड करून ४५ अंशांत लावली, तर १९८ किलो. म्हणजे फळी असून नसल्यासारखी! लांब फळी शोधणारा हमाल हे गणित न मांडताच ओळखून असतो. घर्षणाची एक सोयही आहे: लांब फळीवर दम खायला हात सोडला, तरी पेटी जागची हलत नाही. पिंपाला मात्र उटी लावावी लागते.

गंमत म्हणजे, अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने पाच साधी यंत्रे सांगितली, त्यांत उतरण नव्हती. पाचर आणि स्क्रू मात्र होते. पाचर ही सरकती उतरण आणि स्क्रू ही दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण, हे आज शाळेतच शिकवतात. उतरणीवरच्या बलाचा नियम फ्लेमिश अभियंता सिमोन स्टेव्हिन याने १५८६ मध्ये एका सुंदर युक्तिवादाने मांडला. त्याने त्रिकोणी ठोकळ्यावर १४ सारख्या गोळ्यांची माळ टाकल्याची कल्पना केली. ठोकळ्याची एक तिरपी बाजू दुसरीच्या दुप्पट, म्हणून एकीकडे ४ गोळे, दुसरीकडे २, उरलेले ८ खाली लोंबते. माळ आपोआप सरकू लागली, तर ती कायमची फिरत राहील, आणि ते अशक्य. म्हणजे लांब बाजूचे ४ गोळे आखूड बाजूच्या दोघांना तोलून धरतात.

हाच नियम बोरघाटाच्या रेल्वेमार्गात मोठ्या प्रमाणावर दिसतो. १८६३ मध्ये खुला झालेला हा मार्ग सुमारे २५ किलोमीटरमध्ये ५५८ मीटर चढतो. सरासरी चढ ४६ मीटरला १ मीटर, तर सर्वांत तीव्र ३७ मीटरला १. वाट लांबवण्यासाठीच एवढी वळणे आणि २५ बोगदे; सुरुवातीला तर गाडीची दिशा उलटी करणारे स्थानकही होते. १,००० टनांच्या गाडीला ३७ला १ चढावर मागे खेचणारे बल सुमारे २७ टनांचे असते. सरळ उचलण्याच्या मानाने हा ३७वा हिस्सा. पण सपाटीवर तीच गाडी हळू चालवायला दोन-तीन टन पुरतात, त्या मानाने तो दसपट. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड मर्यादित, जास्त जोर लावला की चाक जागीच घसरते. म्हणून घाटाच्या पायथ्याशी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने लागतात. ती मागून रेटतात, त्यामुळे जोर अधिक चाकांवर वाटला जातो आणि पुढच्या कपलिंगवर सगळा ताण येत नाही.

उतरताना हेच बल गाडीला खाली ओढते, आणि सारी भिस्त ब्रेकवर असते. ते अपुरे पडले तर, म्हणून घाटात कॅच सायडिंग ठेवलेली आहेत: आवरेनाशी झालेली गाडी मुख्य मार्गावरून चढाच्या फाट्यावर वळते आणि चढता चढता तिचा वेग संपतो.