तापलेली मोटार

वैशाखांत धुळ्याहून जळगांवीं जातांना पारोळ्यापुढें आमची जुनी मोटार तापून बंद पडली. पुन्हां सुरू होईना. नातू रेडिएटरचें झांकण उघडावयास धांवला. मीं त्याचा हात धरला. दाबाखालचें पाणी १०० अंशांवरही उकळत नाहीं. झांकण निघतांच दाब सुटतो व वाफ अंगावर उसळते.

यंत्र निवाल्यावर पाहिलें. पंख्याचा पट्टा शाबूत, पाणी मात्र उणें. रबरी नळीचें टोंक फाटलेलें. तेल दुधाळ असतें, तर पाणी आंत शिरल्याची ती खूण. मग किल्लीस हात लावावयाचा नव्हता. तेल स्वच्छ निघालें. टोंक कापून नळी आवळली, पाणी भरलें. गाडी सुरू झाली. उष्णतेनें पेट्रोलची नळींतच वाफ झाली होती, ती आतां निवली होती. आधीं निववावें, मग पाहावें, किल्ली शेवटीं!