काळ्या शेळीची पांढरी कड

धाराशिव जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, पण इथली शेळी आजही उस्मानाबादीच म्हणवली जाते. या जातीच्या बहुतेक शेळ्या काळ्याभोर असतात. समजा, अशा शेळीचा फोटो पांढऱ्या भिंतीसमोर काढला, मोबाइलवर एका टिचकीत मागची भिंत उडवली आणि उरलेले चित्र वेबपेजवरच्या गडद हिरव्या पट्ट्यावर ठेवले. लगेच कानांच्या नि शेपटीच्या केसांभोवती चुना लागल्यासारखी फिकट रेघ दिसू लागते. भिंत गेली असे आपण समजतो, पण ती कडेला चिकटून आलेली असते. चित्र पारदर्शक करण्याची खरी मेहनत या कडेवरच लागते. बहुतेकांचे दुर्लक्षही नेमके तिथेच होते.

हे का घडते, ते चित्रातल्या एका ठिपक्यावरून, म्हणजे पिक्सेलवरून, समजते. संगणकात काळ्याचे मोल ० आणि पांढऱ्याचे २५५ धरतात. कडेच्या ठिपक्यात अर्धा केस आणि अर्धी भिंत आली, की कॅमेरा दोन्ही मिसळून साधारण १२८ हा करडा रंग नोंदवतो. पुढे तो ठिपका निम्मा पारदर्शक केला, तरी रंग करडाच राहतो. काळ्या पानावर ठेवल्यावर साध्या हिशेबाने तिथे ६४ उरतात, यायला हवे होते ०. ही ६४ म्हणजेच ती रेघ. म्हणून पारदर्शकता किती, एवढेच ठरवून भागत नाही. कडेच्या ठिपक्यातला भिंतीचा अंश काढून तिथे केसाचा काळा रंग भरावा लागतो. ‘गिंप’ या मोफत सॉफ्टवेअरमधली ‘कलर टू अल्फा’ ही सोय हेच करते, मात्र ती फक्त कडेपुरती वापरायची.

तुळजापूरच्या कवड्यांच्या माळेला हीच सोय लावली तर उलटेच होईल. कवडी मुळात पांढरट, त्यामुळे भिंतीबरोबर कवड्याही विरून जातील. अशी माळ करड्या कागदावर ठेवून फोटो काढावा. लाल किंवा हिरवे कापड नको, कारण त्याची झाक कवडीच्या चकचकीत पाठीवर उतरते. शिवाय दोन कवड्यांमधल्या फटी मोठ्या करून पाहाव्यात. आपोआप कापणारी साधने बाहेरची कड बरी सांभाळतात, पण फटींत जुना कागद बऱ्याचदा तसाच ठेवतात.

फाइल कोणत्या प्रकारात जतन करतो, यावरही कड अवलंबून असते. जीआयएफमध्ये १९८९ च्या आवृत्तीपासून पारदर्शकता आहे, पण ठिपका एकतर पूर्ण दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. त्यामुळे केसांच्या कडा करवतीसारख्या होतात. जेपीजीत पारदर्शकतेला जागाच नाही. १९९६ मध्ये आलेल्या पीएनजीत मात्र प्रत्येक ठिपक्याला पारदर्शकतेच्या २५६ पायऱ्या देता येतात. ठिपक्यागणिक पारदर्शकतेची, म्हणजेच ‘अल्फा’ची, ही कल्पना अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडली होती.

यावर कुणी म्हणेल, पान पांढरे असताना एवढा खटाटोप कशाला? पण पानाचा रंग आता आपल्या एकट्याच्या हाती राहिलेला नाही. वाचकाने मोबाइल ‘डार्क मोड’वर टाकला की अनेक पाने काळी होतात. मग पारदर्शक फलकावरची दुकानाच्या नावाची काळी अक्षरे पार नाहीशी होतात. म्हणून प्रत्येक चित्र पांढऱ्या, काळ्या आणि एखाद्या भडक रंगावर ठेवून तपासायलाच हवे. दुसरा आक्षेप असा की पीएनजी जड होते आणि गावातल्या नेटवर्कवर पान रखडते. तो खरा आहे. फोटोसारख्या चित्रासाठी वेबपी वापरले, तर पारदर्शकता राखूनही फाइल बरीच हलकी होते. मूळ पीएनजी मात्र जपून ठेवावी.

तरीही सगळ्यात हलका उपाय म्हणजे गरज नसेल तिथे कापूच नये. शेळी विकत घेणाऱ्याला तिचे खूर, उंची आणि गोठाही पाहायचा असतो. त्याच्यासाठी अख्खा जेपीजी फोटोच योग्य. चिन्ह, नाव, माळ अशा ज्या वस्तू कोणत्याही रंगावर बसायला हव्यात, त्यांनाच पारदर्शकता द्यावी, आणि द्यायची ठरली की शेवटच्या केसापर्यंत द्यावी. चित्र पाहणाऱ्याला शेळीच दिसली पाहिजे, तिच्यामागे कधीकाळी उभी असलेली भिंत नव्हे.