काशीच्या घाटावरचा हिशेब

वाराणसी हे शहर वरुणा आणि असी या दोन प्रवाहांच्या मध्ये, गंगेच्या डाव्या तीरावर वसले आहे. येथे गंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठाने घाटांची अर्धचंद्राकार रांग पसरलेली दिसते. घाटांची संख्या साधारणतः ८४ सांगितली जाते. यात्रेकरू या शहराकडे तीर्थक्षेत्र म्हणून पाहतो, तर अभ्यासक विद्येचे पीठ म्हणून. परंतु नावाडी, माळी, कुंभार, हलवाई, विणकर, तांबट, लाकडी खेळणी कातणारे अशा असंख्य कुटुंबांना या नगरीने शतकानुशतके पोसले आहे, हेही तिचे एक रूप होय. काशीचे दोन थोर संत, कबीर आणि रविदास, यांच्यापैकी एक विणकर होते आणि दुसरे चर्मकार. संतपदाला पोहोचल्यावरही त्यांनी आपला धंदा सोडला नाही, असे परंपरा सांगते.

स्वतःचा लहानसा उद्योग असावा, असे अनेकांना वाटते. त्या विचाराबरोबर दोन प्रश्न उभे राहतात. काय विकावे, हा पहिला. आणि आपल्याला ते जमेल काय, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी माणसे दूरवर पाहतात, आणि दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत कामाला हातच घालत नाहीत. आधी धीर येईल आणि मग धंदा सुरू करू, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा असतो. वाराणसीतील छोट्या व्यवसायांकडे बारकाईने पाहिले असता ही गोष्ट ध्यानात येते.

प्रथम संधीचा विचार करू. संधी म्हणजे काही अपूर्व कल्पना असावी लागते, असे नाही. कोणाला, कोणत्या वेळी, कोणती अडचण पडते, याचे निरीक्षण हाच तिचा उगम होय. पहाटे स्नानाला आलेल्या यात्रेकरूस गंगाजल नेण्यासाठी भांडे हवे असते. दर्शनाला जाताना पादत्राणे आणि सामान ठेवण्यास जागा हवी असते. महाराष्ट्रातून आलेल्या वृद्ध दांपत्यास चार दिवसांनंतर साध्या वरण-भाताची आठवण होऊ लागते, आणि आपल्या भाषेत वाट सांगणारे कोणी भेटले तर त्यांना हायसे वाटते. दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे. तेथील एखाद्या तरुणाला मराठी आणि हिंदी दोन्ही भाषा सारख्याच सहज बोलता येत असतील, तर ते त्याचे भांडवलच आहे. मात्र लहानपणापासून सवयीचे असल्यामुळे ते त्याच्या लक्षात येत नाही.

१३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. त्यानंतर शहरात येणाऱ्यांची संख्या पुष्कळ वाढली. अशा वेळी अनेकांची एक ठरावीक चूक होते. गर्दी दिसली की ती गर्दी आपली गिऱ्हाईक आहे, असे ते धरून चालतात. एका गल्लीत रुद्राक्षमाळांची आठ दुकाने असतील, तर नववे दुकान काढणाऱ्याच्या वाट्याला गर्दी येत नाही, चढाओढ मात्र येते. त्याऐवजी, माळा घेतलेल्या माणसाला पुढे कशाची गरज पडते, याचा शोध घेणारा अधिक शहाणा म्हणावा लागेल.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एक स्त्री दशाश्वमेध घाटाजवळ सायंकाळच्या आरतीच्या वेळी दीपदानाचे द्रोण विकते. पानांचा द्रोण, फुले, वात आणि तूप मिळून एका द्रोणास तिला ४ रुपये खर्च येतो. तिने १५० द्रोण तयार केले, म्हणजे ६०० रुपये गुंतवले. प्रत्येकी १० रुपयांप्रमाणे १२० द्रोण विकले गेले आणि १,२०० रुपये हाती आले. उरलेल्या ३० द्रोणांतील फुले दुसऱ्या दिवशी कोमेजली. घरी जाताना ती म्हणेल, आज ६०० रुपये सुटले. परंतु जाण्यायेण्याचे ६० रुपये त्यातून वजा करावे लागतील. सकाळी सावकाराकडून घेतलेल्या ६०० रुपयांवर दिवसाला शेकडा ५ या दराने ३० रुपये द्यावे लागतील. उरले ५१०. द्रोण बांधण्यात आणि विकण्यात तिचा अख्खा दिवस गेला. तेवढ्या वेळात दुसरीकडे तिला ४०० रुपये मजुरी मिळाली असती, असे मानले, तर खरा नफा ११० रुपयांचाच ठरतो.

ही आकडेमोड निराश करणारी वाटेल. परंतु खरा लाभ येथूनच सुरू होतो. तीस द्रोण रोज वाया जातात, हे वहीत दिसू लागताच ती १५० ऐवजी १२५ द्रोण बांधील आणि १०० रुपयांचा खर्च वाचवील. व्याजाचे ३० रुपये ही रक्कम दिसावयास क्षुल्लक; पण तीस दिवसांचे ते ९०० रुपये होतात. मूळ रक्कम ६०० आणि महिन्याचे व्याज ९००! तेच पैसे बचत गटाकडून महिना शेकडा २ या दराने घेतले असते, तर महिन्याचे व्याज १२ रुपये झाले असते. ही तफावत एकदा कागदावर पाहिलेल्या स्त्रीला बचत गटाच्या बैठकीस जाण्याचा संकोच फार काळ वाटत नाही. कोणी तिला धीर दिलेला नसतो. ८८८ रुपयांचा फरक तिने स्वतः काढलेला असतो.

वर्षभर वही ठेवली, तर तिच्यातून पंचांगही उमटू लागते. श्रावणातील सोमवार, महाशिवरात्र, आणि सर्वांत मोठी म्हणजे कार्तिक पौर्णिमेची देवदिवाळी, या दिवशी माल कमी पडतो. उलट पावसाळ्यात गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, नावा बंद होतात आणि आरतीसुद्धा वर, इमारतीच्या गच्चीवर करावी लागते. ते आठवडे रिकामे जाणार, हे जिला आधीच ठाऊक आहे, ती त्या दिवसांसाठी वाती वळून ठेवण्याचे किंवा घरगुती खाद्यपदार्थांचे काम शोधून ठेवते. ऋतूची ही जाण वाराणसीच्या हलवायांकडून शिकावी. तेथील ‘मलइयो’ हा पदार्थ फक्त थंडीतच होतो. आटवलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा केशर-वेलचीचा फेस मातीच्या कुल्हडात घालून विकतात. ऊन चढले की फेस विरतो आणि विक्रीही संपते. मलइयो विकणारा उन्हाळ्यात लस्सीकडे किंवा ठंडाईकडे वळतो. त्यास त्यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे.

येथवर कौशल्याचा विचार आला नाही. कौशल्य असले म्हणजे यश आपोआप येते, असा एक भाबडा समज आढळतो. बनारसी साडीचा इतिहास त्याला उत्तर देतो. मदनपुरा, अलईपुरा, लोहता अशा वस्त्यांमधील विणकरांच्या हातातली कला अजोड आहे. ‘कढुआ’ पद्धतीच्या विणकामात प्रत्येक बुट्टी स्वतंत्र धाग्याने विणली जाते. एका साडीला कित्येक आठवडे लागतात. तरीही ज्याने साडी विणली तो गरीब आणि ज्याने विकली तो संपन्न, असे चित्र दीर्घकाळ राहिले. विणकर रेशीम उधारीवर आणणार, तयार साडी गद्दीदारास किंवा कुंजगलीतील सट्टीच्या दलालास देणार, आणि पैशासाठी महिनोन्‌महिने थांबणार. साडी शेवटी कोणी, किती किमतीस घेतली, हे त्याला कळत नसे. घरातील स्त्रिया कांड्या भरत, मागील बाजूचे लोंबते धागे कापत. त्या श्रमांची नोंद कोठेच होत नसे. पुढे यंत्रमागावर आणि सुरतेच्या गिरण्यांमध्ये बनारसी नक्षीच्या स्वस्त नकला निघू लागल्या, आयात रेशमी कापडही आले, आणि विणकराजवळ प्रतिकाराचे साधन उरले नाही. आपल्या मालाचा खरा खर्च काय आणि खरा ग्राहक कोण, हेच ज्याला माहीत नाही, तो भाव ठरवताना ठामपणे बोलणार कशाच्या बळावर? अनेक निष्णात कारागीर माग सोडून रिक्षा ओढू लागले वा मजुरीसाठी परगावी गेले. कौशल्य होते, धीर खचला होता आणि तो खचण्यास सबळ कारण होते.

या परिस्थितीत काही बदल घडले. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ साली संमत झाला आणि २००३ मध्ये अमलात आला. २००९ साली बनारसी साडी व किनखाबास त्याखाली नोंदणी मिळाली. पुढील काळात वाराणसीची गुलाबी मीनाकारी, लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी यांचीही नोंदणी झाली. २०२३ मध्ये बनारसी पान आणि लंगडा आंबा या यादीत आले. हातमागावरचे कापड ओळखता यावे म्हणून २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ ही खूण वापरली जाते. अशा नोंदणीमुळे नकली मालास खऱ्याचे नाव लावणे कायद्याने गुन्हा ठरते. परंतु नोंदणी म्हणजे विक्री नव्हे. कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःचे नाव नोंदवले पाहिजे, आणि ग्राहकाला फरक समजावून सांगता आला पाहिजे. येवल्यात पैठणी घेणारा ग्राहक विणकराच्या घरी जाऊन मागावरचे काम पाहू शकतो आणि तेथेच भाव ठरवतो. वाराणसीतही काही विणकर कुटुंबांनी हाच मार्ग धरला आहे. आलेल्या पाहुण्यास साडीची मागची बाजू उलटून दाखवणारा विणकर किमतीबद्दल चाचरत नाही.

काश्मीरीगंज भागातील खेळणी कातणाऱ्यांचे उदाहरण याहून थोडे निराळे आहे. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर बसते आणि चकाकी येते. सावंतवाडीची लाखकामाची खेळणी पाहिलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. प्लास्टिकच्या खेळण्यांनी या धंद्यावर मोठा आघात केला. त्या काळात अनेक घरांना आधार मिळाला तो लग्नात लागणाऱ्या कुंकवाच्या लाकडी डबीचा, म्हणजे ‘सिंधोऱ्या’चा. लग्ने थांबत नाहीत, म्हणून सिंधोऱ्याची मागणीही थांबली नाही. मोठ्या बाजाराच्या लाटेवर डोळे लावून बसण्यापेक्षा अशी एखादी लहान पण कायमची मागणी हाताशी असणे कित्येकदा अधिक उपयोगी पडते.

एकट्याला जो धीर होत नाही तो समूहात होतो, याचे महाराष्ट्रातील उदाहरण सर्वपरिचित आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटे तयार झाली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. त्यातूनच ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ही देशभर पसरलेली संस्था उभी राहिली. २०२१ मध्ये संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. या कथेतील ८० रुपयांचाच उल्लेख नेहमी होतो. पण ते पैसे उसने होते आणि फेडण्यासाठी होते, हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. संस्थेने आरंभापासून देणगी न स्वीकारण्याचे धोरण ठेवले. माल चांगला निघाला तरच पैसे येतील, हे त्या सातही जणींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

भांडवलाची सोय आता पूर्वीइतकी अवघड राहिलेली नाही. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. फेरीवाल्यांसाठी २०२० मध्ये पंतप्रधान स्वनिधी योजना आली. आरंभी तिच्यात पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते आणि ते वेळेवर फेडणारा पुढच्या, मोठ्या कर्जास पात्र ठरत असे. या पायरीपायरीच्या रचनेत शहाणपण आहे. दहा हजार फेडल्याचा अनुभव असलेला माणूस वीस हजारांना घाबरत नाही. आणि ज्याला ते फेडता आले नाहीत, त्याचे नुकसानही मर्यादेत राहते. घर किंवा दागिने गहाण टाकून एकदम मोठा डाव मांडणाऱ्यांच्या धाडसाचे कौतुक होते. त्यांतील जे बुडाले त्यांच्या कथा कोणी सांगत नाही.

बँकेच्या दारात पाऊल ठेवताना मात्र बहुतेकांचा जीव दडपतो. तेथे कोणते प्रश्न विचारले जातील, याची भीती वाटते. वस्तुतः ते प्रश्न ठरलेले असतात: रोजची विक्री किती, मालाचा खर्च किती, हप्ता कोठून देणार, मंदीच्या दिवसांत काय करणार? द्रोण विकणाऱ्या त्या स्त्रीने वर्षभर वही लिहिली असेल, तर यांपैकी एकही प्रश्न तिला नवा नाही. देवदिवाळीच्या आदल्या आठवड्यात जादा फुलांसाठी किती पैसे लागतात, हे तिच्या वहीच्या कार्तिकाच्या पानावर लिहिलेले असते. आणि श्रावणात पूर आल्यावर विक्री किती घटते, तेही.