टाकीतला चोर

दिवाळीला आठ दिवस उरले होते. फराळाचे डबे भरत होते आणि आमची माळ्यावरची पाण्याची टाकी मात्र रोज संध्याकाळी रिकामी होत होती. नळाला पाणी सकाळी तासभर. त्यावर सारा दिवस काढायचा. तेव्हा घरात पाण्याचा चोर कोण, याचा तपास सुरू झाला.

सांगायला लाज वाटते, पण माझा संशय आईवर गेला. संडासातले फ्लशचे बटण ती दोन-दोनदा दाबते, हे मी ऐकले होते. एके दिवशी बोलून गेलो, "अगं आई, पाणी काय फुकट येतं का?"

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र अंघोळीला अर्धीच बादली घेऊ लागली. सौ.च्या ते ध्यानात आले. ती म्हणाली, "अहो, माणसाला बोलण्याआधी त्या टाकीचं झाकण तरी उघडून पाहा!"

झाकण काढले. आत पाहतो तो पाणी भरलेली एक लिटरची बाटली उभी! ती दोन वर्षांपूर्वी मीच ठेवली होती. बाटलीने जागा अडवली की दर वेळी तेवढे पाणी वाचते, हा माझा हिशेब. पण पाणी कमी झाले, धार दुबळी पडली आणि आईला दुसऱ्यांदा बटण दाबावे लागले. एका लिटरच्या बचतीपायी दुसरी टाकी खर्ची पडत होती! मुकाट्याने बाटली बाहेर काढली.

तरीही पाण्याची बारीक सुरसुर ऐकू येतच होती. या टाकीची रचना साधी आहे. पाणी चढले की तरंगता गोळा नळ बंद करतो. तळाचे भोक रबरी वॉशर झाकून ठेवतो. म्हणजे पाणी पळायला वाटा दोनच: वरून ओव्हरफ्लोच्या नळीतून, किंवा खालून वॉशरमधून. पाणी नळीच्या तोंडाखाली चांगले इंचभर होते. तेव्हा वरची वाट निर्दोष ठरली. मग जिलबीचा केशरी रंग चिमूटभर टाकीत टाकला आणि वीस मिनिटे बटणाला कोणाला हात लावू दिला नाही. कमोडमध्ये केशरी ओघळ उतरला. चोर सापडला!

चोरी किती, तेही मोजले. अँगल कॉक बंद करून पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीची खूण केली. तासाभरात पाणी इंचभर उतरले. टाकी आतून १६ इंच लांब, ६ इंच रुंद. म्हणजे तासाला दीड लिटर, दिवसाला ३६ लिटर. चांगल्या दोन बादल्या!

टाकी रिकामी करून वॉशर काढला. त्याच्यावर क्षाराचा थर, कडा ताठरलेली. जुना वॉशर नमुन्याला नेऊन तसाच नवा आणला. बसवण्यापूर्वी त्याची बैठक फडक्याने स्वच्छ पुसली, कारण तिथे खडा राहिला तर नवा वॉशरही गळतो. कमोडच्या कडेखालची छिद्रेही क्षाराने बुजली होती. ती व्हिनेगर लावून जुन्या टूथब्रशने घासली. (व्हिनेगर किंवा अ‍ॅसिडमध्ये ब्लीचिंग पावडर कधीही मिसळू नये, विषारी वायू निघतो.) पुन्हा रंग टाकून पाहिला. आता कमोडमधले पाणी स्वच्छच राहिले, आणि एकदा बटण दाबताच धार अशी धडाडली की मुलगा पाहायला धावत आला.

मी आईजवळ जाऊन बसलो. "चूक माझीच होती," म्हणालो.

"अरे, एकदा दाबून भागत नाही, हे मी तुला सांगणारच होते," ती म्हणाली. "पण तू रागात होतास."

नरकचतुर्दशीच्या पहाटे आईच्या अंघोळीची बादली मी स्वतः काठोकाठ भरली.

वाचकहो, घरात पाणी पुरेनासे झाले, तर आधी चिमूटभर रंग टाकून पाहा. माणसांवर संशय नंतर घ्या. बहुधा तशी वेळच येणार नाही.