संगणकाचे शंभर कोटी सेकंद

आपण वेळ सांगतो ती वार, तारीख, तिथी लावून. संगणक मात्र आतल्या आत फक्त सेकंद मोजत असतो. ही मोजणी कुठून सुरू झाली, ते आज पाहू.

अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही संगणक चालवणारी प्रणाली घडवली. तिची मोजणी १ जानेवारी १९७० पासून धरतात. त्या क्षणी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले होते. आपल्या हातातला अँड्रॉइड मोबाइलही हीच मोजणी वापरतो.

९ सप्टेंबर २००१ रोजी या मोजणीत शंभर कोटी सेकंद पूर्ण झाले. डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात संगणकप्रेमींनी त्यासाठी मध्यरात्रीनंतर जागून मेजवानी केली. पुढे २००९ मध्ये आकडा आला १२३४५६७८९०, सगळे अंक ओळीने! आपल्याकडे तेव्हा १४ फेब्रुवारीची पहाट होती, पाच वाजून एक मिनिट तीस सेकंद. तोही क्षण अनेक देशांत साजरा झाला.

पण या मोजणीला एक मर्यादाही आहे. विजेच्या जुन्या मीटरचे सगळे आकडे ९ झाले, की तो पुन्हा शून्यावर येतो ना? तसेच जुन्या पद्धतीच्या संगणकांत या मोजणीसाठी ठेवलेली जागा १९ जानेवारी २०३८ ला भरेल. त्यांना मग डिसेंबर १९०१ आहे असे वाटेल! नव्या संगणकांत ही जागा खूप मोठी केली आहे. जुन्या यंत्रांची दुरुस्ती मात्र वेळेत व्हायला हवी.

आपला संबंध काय? आज घेतलेल्या वीस वर्षांच्या कर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ च्या पुढे जातो. म्हणून हप्त्यांचा छापील तक्ता मागून घ्या आणि शेवटची तारीख स्वतः वाचा. मोबाइलवर अचानक १९७० साल दिसले तर घाबरू नका, त्याचे घड्याळ पुन्हा आरंभाला गेले आहे एवढेच. सेटिंगमध्ये जाऊन तारीख आपोआप लागेल असे करा. तारीख चुकीची असली तर बँकेचे अ‍ॅप उघडायला अडचण येऊ शकते.

आणि गटाच्या पावतीवर तारीख चुकली, तर "संगणकानेच दिली" म्हणून सोडू नका. तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. संगणक सेकंद बिनचूक मोजेल, पण आपला हिशेब आपणच तपासायचा.