मॉरिशसच्या हवामानविषयक वचनबद्धता : उपशमन व अनुकूलन यांचा एक अभ्यास

प्रस्तावना

हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य भागात, मादागास्करच्या पूर्वेस सुमारे ८०० किलोमीटर अंतरावर मॉरिशस हे लहानसे द्वीपराष्ट्र वसलेले आहे. रॉड्रिग्ज, अगालेगा आदी बेटे धरून त्याचे भूक्षेत्र सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या साधारण एक चतुर्थांश एवढेच आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आहे. रत्नागिरीशी केलेली ही तुलना केवळ आकारापुरती नाही. एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी करारबद्ध मजूर म्हणून जे भारतीय या बेटावर नेण्यात आले, त्यांत मुंबई इलाख्यातील, विशेषतः कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आज मॉरिशसचे नागरिक असून गणेश चतुर्थी ही तेथे सार्वजनिक सुट्टी आहे.

जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा सुमारे ०.०१ टक्का मानला जातो. मॉरिशसने आपले उत्सर्जन उद्या पूर्णतः थांबविले, तरी जागतिक तापमानवाढीच्या गतीत मोजता येईल असा फरक पडणार नाही. असे असूनही या देशाने आंतरराष्ट्रीय पातळीवर मोठ्या वचनबद्धता स्वीकारल्या आहेत. त्या नेमक्या काय आहेत, त्यांतील आकड्यांचा अर्थ कसा लावावा आणि त्यांची पूर्तता कशावर अवलंबून आहे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. वचनबद्धतेची वाटचाल

संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आराखडा कराराला १९९२ मध्ये सर्वप्रथम मान्यता देणारा देश मॉरिशस होता. जानेवारी २००५ मध्ये लहान द्वीपराष्ट्रांची आंतरराष्ट्रीय परिषद राजधानी पोर्ट लुई येथे भरली आणि तेथे संमत झालेला कार्यक्रम ‘मॉरिशस धोरण’ या नावाने ओळखला जाऊ लागला. २२ एप्रिल २०१६ रोजी पॅरिस करारावर स्वाक्षऱ्या होऊ लागल्या, त्याच दिवशी आपले मान्यतापत्र सादर करणाऱ्या पंधरा देशांतही मॉरिशसचा समावेश होता. देशांतर्गत पातळीवर २०२० मध्ये हवामानबदल कायदा संमत करण्यात आला.

पॅरिस करारानुसार प्रत्येक देशाने आपले ‘राष्ट्रीय निर्धारित योगदान’ जाहीर करावयाचे असते. २०१५ मध्ये मॉरिशसने २०३० पर्यंत उत्सर्जनात ३० टक्के घट करण्याचे जाहीर केले होते. २०२१ मध्ये सादर केलेल्या सुधारित आराखड्यात हे प्रमाण ४० टक्क्यांवर नेण्यात आले.

२. आकड्यांचा अर्थ

या टक्केवारीचे वाचन करताना दोन गोष्टी लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिली गोष्ट अशी की ही घट आजच्या उत्सर्जनाच्या तुलनेत नाही. कोणतेही विशेष उपाय न योजता विकास नेहमीच्या रीतीने होत राहिल्यास २०३० साली जेवढे उत्सर्जन होईल असा अंदाज बांधला जातो, त्या अंदाजाच्या तुलनेत ती आहे. २०१५ च्या आराखड्यात हा अंदाज ७० लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका धरला होता. त्यातून ३० टक्के वजा केले असता ४९ लाख टन उरतात. म्हणजे प्रत्यक्षात किती घट झाली हे मूळ अंदाज किती अचूक होता यावरही अवलंबून राहते. अंदाज चढा असेल तर विशेष प्रयत्न न करताही उद्दिष्ट जवळ आल्यासारखे दिसू शकते.

दुसरी गोष्ट सशर्ततेची आहे. २०२१ च्या आराखड्याच्या अंमलबजावणीसाठी सुमारे ६.५ अब्ज अमेरिकी डॉलर लागतील असा हिशेब मांडण्यात आला. त्यांपैकी सुमारे ३५ टक्के रक्कम देश स्वतःच्या साधनांतून उभारणार, तर उरलेले ६५ टक्के परदेशी साहाय्यातून मिळावेत अशी अपेक्षा आहे. दिलेल्या वचनाचा मोठा भाग अशा प्रकारे इतरांच्या वचनांवर टेकलेला आहे. यात आणखी एक अडचण संभवते. जागतिक बँकेने २०२० मध्ये मॉरिशसची गणना उच्च उत्पन्न गटात केली आणि कोविडच्या आघातानंतर २०२१ मध्ये त्यास पुन्हा उच्च-मध्यम गटात आणले. दरडोई उत्पन्न वाढले की सवलतीच्या कर्जांची व अनुदानांची दारे अरुंद होतात. चक्रीवादळाचा धोका मात्र उत्पन्नगट पाहून कमी होत नाही.

या ६.५ अब्ज डॉलरांची विभागणीही बोलकी आहे. उपशमनासाठी, म्हणजे उत्सर्जन कमी करण्यासाठी, सुमारे २ अब्ज आणि अनुकूलनासाठी, म्हणजे बदललेल्या हवामानात तग धरण्यासाठी, सुमारे ४.५ अब्ज डॉलर दाखविले आहेत. आंतरराष्ट्रीय चर्चेत उपशमनाची टक्केवारी अग्रभागी असते. मॉरिशसची खरी गरज कोठे आहे हे खर्चाच्या या विभागणीवरून अधिक स्पष्ट होते.

३. उपशमन : उसाचा आणि कोळशाचा प्रश्न

मॉरिशसमध्ये खनिज इंधनाचे साठे नाहीत. विजेचा बहुतांश भाग आयात केलेल्या कोळशापासून व जड तेलापासून निर्माण होतो. यामुळे उपशमन हा तेथे परकीय चलन वाचविण्याचाही मार्ग आहे. २०२१ च्या आराखड्यात २०३० पर्यंत ६० टक्के वीज हरित स्रोतांपासून मिळविणे, वीजनिर्मितीतील कोळशाचा वापर थांबविणे आणि ७० टक्के कचरा भरावभूमीपासून दूर वळविणे अशी उद्दिष्टे नमूद करण्यात आली. मारे शिकोज ही देशातील एकमेव नियोजित भरावभूमी असल्यामुळे कचऱ्याचे उद्दिष्ट केवळ मिथेन वायूपुरते मर्यादित नाही. बेटावर नवी भरावभूमी करण्यास जागाच अपुरी आहे.

विजेच्या बाबतीत या बेटाची एक जुनी जमेची बाजू आहे. उसाचे चिपाड, म्हणजे साखर कारखान्यांच्या परिभाषेतील बगॅस, जाळून वीज निर्माण करण्याची पद्धत तेथे अनेक दशके रुळलेली आहे. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांमुळे मराठी वाचकांस ही पद्धत परिचित आहे. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच ज्वलनातून परत जात असल्यामुळे ही वीज नूतनीकरणक्षम मानली जाते.

परंतु येथेच एक पेच निर्माण होतो. गाळप हंगाम साधारणपणे जून ते डिसेंबर असा असतो. हंगाम संपल्यानंतर या केंद्रांच्या त्याच बाष्पकांत कोळसा जाळला जातो. त्यामुळे कोळसा बंद करावयाचा झाल्यास उर्वरित महिन्यांसाठी दुसरे जैवइंधन शोधावे लागते, अथवा सौर व पवन ऊर्जेबरोबर साठवणुकीची सोय करावी लागते. हरित हवामान निधीने डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर केलेल्या सुमारे २.८ कोटी डॉलरांच्या प्रकल्पाचा संबंध याच गरजेशी आहे. लहान व एकाकी वीजजाळ्यात सूर्यप्रकाशाच्या चढउताराचा भार सांभाळण्यास शेजारचे दुसरे जाळे नसते.

दुसरा पेच ऊसक्षेत्राचा आहे. युरोपीय बाजारपेठेतील साखरेच्या हमीभावात टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात झाली आणि २००९ मध्ये साखरविषयक जुना करार संपुष्टात आला. त्यानंतर अनेक लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला, तर काही जमिनी गृहप्रकल्पांकडे वळल्या. ऊस कमी झाला की चिपाड कमी होते आणि ती तूट आयात इंधनाने भरून काढावी लागते. अशा रीतीने देशाचे हवामानविषयक वचन लहान शेतकऱ्यास मिळणाऱ्या भावाशी थेट जोडले गेले आहे. चिपाडासाठी शेतकऱ्यास वाढीव मोबदला देण्याचे धोरण म्हणूनच ऊर्जाधोरणाचाही भाग ठरते.

४. अनुकूलन : प्रवाळ, किनारा आणि पाणी

मॉरिशसच्या हवामान विभागाच्या नोंदींनुसार तेथील सरासरी तापमानात सुमारे १.२ अंश सेल्सिअसने वाढ झाली असून, १९५० च्या दशकाच्या तुलनेत वार्षिक पर्जन्यात सुमारे ८ टक्के घट झाली आहे. एकूण पाऊस कमी होत असतानाच तो अल्पावधीत कोसळण्याचे प्रसंग घडतात. पाणीटंचाई आणि पूर ही दोन्ही संकटे त्यामुळे एकाच बेटास भेडसावतात.

मुख्य बेटाच्या बहुतांश किनाऱ्याभोवती प्रवाळभित्तींचे कडे आहे. समुद्राच्या लाटांची बरीचशी शक्ती या भित्तींवरच खर्ची पडते आणि आतील उथळ खाजण शांत राहते. किनाऱ्यावरील पांढरी वाळूही मुख्यतः प्रवाळ व शिंपले यांच्या झिजेतूनच तयार होते. सागरी तापमान वाढले की प्रवाळ विरंजित होतात. १९९८ व २०१६ च्या जागतिक विरंजनाची झळ या परिसरासही बसली. मृत प्रवाळभित्ती हळूहळू झिजते, लाटा अधिक जोराने आत येतात, आणि नव्या वाळूचा पुरवठा घटत असतानाच जुनी वाळू वाहून जाते. पर्यटन हा अर्थव्यवस्थेचा प्रमुख आधार असलेल्या देशात पुळणीची धूप हा उपजीविकेचाही प्रश्न ठरतो.

अनुकूलन निधीच्या सुमारे ९१ लाख डॉलरांच्या साहाय्याने मों श्वाझी, रिव्हिएर दे गाले व कात्र सर या तीन किनारी ठिकाणी संरक्षणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. कात्र सर येथे पुराच्या वेळी ग्रामस्थांना आश्रय घेता यावा म्हणून निवारा केंद्र उभारण्यात आले. परदेशी निधीचा असा उपयोग निःसंशय मोलाचा आहे. तथापि काही परिणामकारक अनुकूलन केवळ देशांतर्गत निर्णयातूनही साधते. खाजणांतील वाळू उपसण्यावर २००१ मध्ये आलेली बंदी हे त्याचे उदाहरण होय. या निर्णयास कोणत्याही आंतरराष्ट्रीय निधीची प्रतीक्षा करावी लागली नाही.

याउलट दिशेचा धडा ३० मार्च २०१३ रोजी मिळाला. त्या दिवशी पोर्ट लुई येथे दोन तासांच्या आत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहराच्या मध्यभागी आलेल्या पुरात ११ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील काहीजण भुयारी मार्गात व तळघरातील वाहनतळात अडकले होते. पाऊस असाधारण होता हे खरे. परंतु डोंगरउतारांवरील बांधकामे आणि अपुरे नाले यांनी पाण्याची वाट अडविली नसती, तर हानी एवढी झाली नसती. या घटनेनंतर आपत्ती व्यवस्थापनासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि २०१७ मध्ये जलनिःसारण प्राधिकरण अस्तित्वात आले. तरीही जानेवारी २०२४ मध्ये बेलाल चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर वाहने पाण्यात तरंगताना दिसली. संस्था निर्माण करणे आणि पाण्याला वाट मोकळी करून देणे या दोहोंत बरेच अंतर असते, हे त्यावरून दिसून आले. उत्तर किनाऱ्यावर ग्रँड बे परिसरात पाणथळ जागांवर भराव घालून झालेली बांधकामेही याच प्रश्नाचा भाग आहेत.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली बाब म्हणजे, मॉरिशसच्या उपशमनविषयक वचनाने जगाचे तापमान बदलणार नाही. आयात इंधनावरील अवलंबित्व कमी करणे आणि मोठ्या उत्सर्जक राष्ट्रांकडे न्याय्य मागणी करण्याचा नैतिक अधिकार टिकविणे, यांत त्याचे महत्त्व आहे. दुसरे असे की अनुकूलनाचा खर्च अधिक असून तो मोठ्या प्रमाणावर बाह्य साहाय्यावर विसंबून आहे. ज्यांच्या उत्सर्जनामुळे ही आपत्ती ओढवली, त्या देशांची जबाबदारी येथे टाळता येण्यासारखी नाही. २०२४ मध्ये मॉरिशसने ५ कोटी मॉरिशियन रुपयांहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांवर २ टक्क्यांचा हवामान-उत्तरदायित्व अधिभार लागू केला. आपल्या वाट्याचा भार उचलण्याची तयारी त्यातून दिसते.

तिसरी बाब या दोन्हींहून निकटची आहे. बाहेरून निधी येवो अथवा न येवो, पाणथळ जागा राखणे, नाल्यांवरील अतिक्रमणे हटविणे, पुळणीलगतच्या बांधकामांना मर्यादा घालणे आणि उसाला परवडणारा भाव देणे हे निर्णय देशाच्या स्वतःच्या हाती आहेत. मॉरिशसच्या वचनबद्धतेचे मूल्यमापन करताना ४० टक्क्यांच्या आकड्याइतकेच लक्ष या निर्णयांकडेही द्यावे लागेल. डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या अरुंद पट्टीवर दाटीने वसलेल्या कोकणातील गावांनाही हेच निर्णय घ्यावे लागणार असल्याने या लहान बेटाचा अनुभव महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही उपयुक्त ठरावा.