डाग किती लांब आहे?

एमआरआयचा रिपोर्ट हातात आला की आपण आधी शेवटची ओळ वाचतो. तिथे ‘डिमायलिनेशन’ असा शब्द असला की कोणीतरी मोबाईलवर शोधतं आणि संध्याकाळपर्यंत घरात ‘एमएस’ हे नाव ठरून जातं. मल्टिपल स्क्लेरोसिस. आज आपण या घाईबद्दल बोलणार आहोत.

आता बघा, एमआरआय दाह दाखवत नाही. तो दाखवतो पाणी. दाह झाला की त्या जागी पाणी वाढतं आणि टी-टू प्रकारच्या चित्रात तो भाग पांढरा दिसतो. पण पाणी इतर कारणांनीही वाढतं. रक्तपुरवठा तुटला तरी, जंतुसंसर्ग झाला तरी. आपल्याकडे क्षयरोग तर कायम लक्षात ठेवावा लागतो. म्हणून शिरेतून गॅडोलिनियम देतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत जिथे गळकी झाली आहे, तिथे ते झिरपतं आणि चमकतं. एमएसचा ताजा डाग साधारण काही आठवडे असा चमकतो, मग शांत होतो. त्यामुळे एकाच तपासणीत जुनं-नवं वेगळं करता येतं.

खरी गंमत मज्जारज्जूत आहे. एमएसचा डाग तिथे बहुधा आखूड असतो, एक-दोन मणक्यांएवढा, आणि कडेला. तीन किंवा जास्त मणक्यांएवढा लांब, मधोमध पसरलेला डाग दिसला, की दुसरा आजार आठवायला हवा: न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, म्हणजे एनएमओ. फ्रान्समधल्या युजेन डेव्हिक यांनी 1894 मध्ये त्याचं वर्णन केलं होतं, तरी पुढे कित्येक वर्षं तो एमएसचाच एक प्रकार समजला जायचा. 2004 मध्ये या रुग्णांच्या रक्तात एक वेगळी अँटिबॉडी सापडली. ती पेशींवरच्या पाण्याच्या दारावर, अ‍ॅक्वापोरिन-4 वर हल्ला करते. काहींना तर सुरुवातीला नुसती न थांबणारी उचकी आणि उलट्या होतात, आणि तपासणी पोटाचीच चालू राहते!

नाव चुकलं तर काय बिघडतं? बरंच. झटका आला की दोन्हीकडे आधी स्टेरॉइडच देतात. फरक पडतो पुढच्या औषधांत. इंटरफेरॉन-बीटा, फिंगोलिमोड, नॅटालिझुमॅब ही एमएसची औषधं एनएमओमध्ये झटके वाढवू शकतात. आणि एनएमओचा एकेक झटका दृष्टी किंवा पायांची ताकद कायमची नेऊ शकतो.

लांबीचा नियमही पक्का नाही, बरं का. एनएमओत कधी आखूड डागही दिसतो, आणि मॉग नावाच्या तिसऱ्या अँटिबॉडीच्या आजारात लांब डाग असू शकतो. म्हणून रक्ताची तपासणी हवी, आणि प्लाझ्मा बदलायचा असेल तर रक्त त्याआधी घेतलेलं बरं, कारण त्या उपचारात अँटिबॉडीही निघून जातात. आणि हो, नुसता रिपोर्ट नको, जुन्या एमआरआयच्या सीड्याही जपून ठेवा. डागाची लांबी डॉक्टरांना स्वतः मोजायची असते.